बंद केलेल्या गोळ्यांची यादी

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर शेवटपर्यंत वाचाच. विषय आहे हृदयाची औषधं आणि विषाणूविरोधी औषधं एकाच शरीरात एकत्र आली की काय होतं. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे कोणती गोळी घ्या आणि कोणती घेऊ नका हे मी इथे सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तुम्ही ऐकू नये. पण या विषयावर जसजसं वाचत गेलो तसतसं माझं एक मत पक्कं होत गेलं. शास्त्राला यातलं बरंच काही माहीत आहे. घोटाळा होतो तो ती माहिती योग्य वेळी योग्य माणसाच्या समोर नसते म्हणून. आणि हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे, म्हणून हा आगाऊपणा.

एका जोडीपासून सुरुवात करू. पहिलं औषध अमिओडॅरोन. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये हे छातीतल्या कळेसाठी शोधलं गेलं. पुढे लक्षात आलं की हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर ते ताळ्यावर आणायला याचा फार चांगला उपयोग होतो. आजही वापरतात. दुसरं औषध सोफोसबुव्हिर. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावरचं. या औषधाच्या आधी हिपॅटायटिस सी झाला की सहा महिने ते वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागत, त्रास भयंकर, आणि एवढं करून बरं होण्याची खात्री नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि चित्रच बदललं. आता जोडीच्या औषधाबरोबर साधारण बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले नव्वद-पंचाण्णव लोक बरे होतात. अलीकडच्या काळातल्या मोठ्या वैद्यकीय विजयांपैकी हा एक, यात वादच नाही.

आता या दोन चांगल्या औषधांची गाठ पडली की काय होतं बघा. २४ मार्च २०१५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा प्रसिद्ध केला. अमिओडॅरोन चालू असलेल्या काही रुग्णांना सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीला हिपॅटायटिस सीचं दुसरं थेट काम करणारं औषध दिल्यावर हृदयाचे ठोके धोकादायक इतके मंदावले होते. तेव्हा त्यांच्यासमोर अशा नऊ केसेस होत्या. त्यातला एक रुग्ण हृदय बंद पडून दगावला आणि तिघांना पेसमेकर बसवावा लागला. नऊपैकी सहा जणांना त्रास झाला तो पहिल्या २४ तासांत, उरलेल्या तिघांना २ ते १२ दिवसांत. आणि हे नेमकं का होतं, याचं कारण माहीत नाही असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे.

आम्ही लोक याला इंटिग्रेशनचा बग म्हणतो. दोन मॉड्यूल वेगवेगळी तपासली तर दोन्ही पास. एकत्र चालवली की सर्व्हर आडवा. दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर असतात आणि म्हणूनच असा बग सापडायला सगळ्यात अवघड. औषधांच्या बाबतीत तर गणितच उलटं आहे. सात गोळ्या चालू असतील तर त्यांच्या आपसात २१ जोड्या होतात. आठवी गोळी आली की जोड्या २८. म्हणजे गोळी वाढली एक, तपासायच्या गोष्टी वाढल्या सात. इतक्या जोड्या आधी माणसांवर तपासून बघणं कोणत्याही कंपनीला शक्य नाही. काही गोष्टी औषध बाजारात आल्यावरच कळणार, हे मान्यच करायला हवं. पण कळल्यावर काय?

कळल्यावर माहितीपत्रकात नीट सूचना आली. शक्यतो ही जोडी टाळा. दुसरा पर्यायच नसेल तर पहिले ४८ तास रुग्णाला हॉस्पिटलमध्ये ठेवून हृदयावर लक्ष ठेवा, आणि त्यानंतर निदान दोन आठवडे रोज नाडीचे ठोके मोजा. छान, स्पष्ट, अंमलात आणण्याजोगी सूचना. पण याच सूचनेत पुढे आणखी एक ओळ आहे, आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातली तीच सगळ्यात महत्त्वाची. ज्यांनी अमिओडॅरोन नुकतंच बंद केलं आहे त्यांच्यावरही असंच लक्ष ठेवा.

बंद केलेल्या गोळीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध असा की अमिओडॅरोन शरीरातून जाता जात नाही. चरबीत, यकृतात, फुप्फुसात ते साठून राहतं. औषध दीर्घकाळ घेतलं असेल तर शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी ५८ दिवस लागतात, आणि माणसागणिक हा आकडा १५ दिवसांपासून १४२ दिवसांपर्यंत काहीही असू शकतो. सरासरी धरली तरी साधारण दोन महिन्यांनी निम्मं, चार महिन्यांनी पाव, आणि जवळपास सहा महिन्यांनी आठवा हिस्सा उरतो. प्रोसेस बंद केली म्हणून मेमरी मोकळी झाली असं नाही, हे आमच्या लोकांना वेगळं सांगायला नको!

आता समजा एक आजोबा आहेत. ठोके बिघडले म्हणून दोन वर्षं अमिओडॅरोन घेत होते. दीड महिन्यापूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी ते बंद केलं. आजोबा खूश, एक गोळी कमी झाली. मग हिपॅटायटिस सी निघाला. यकृताचे डॉक्टर वेगळे, हॉस्पिटल वेगळं. तिथे त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला जातो, "आजोबा, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आजोबा खिशातून कागद काढून प्रामाणिकपणे सगळ्या गोळ्या वाचून दाखवतात. अमिओडॅरोन त्यात नसतं, कारण ती चालू नाही. प्रश्न बरोबर होता, उत्तर खरं होतं, आणि तरीही डॉक्टरांना जी गोष्ट कळायला हवी होती तीच कळली नाही. यात दोष कुणाला देणार?

हे उदाहरण आपल्यापासून फार लांबचं आहे असंही समजू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये सोफोसबुव्हिरच्या मूळ कंपनीने सात भारतीय औषध कंपन्यांशी करार केले आणि २०१५ पासून आपल्याकडे त्याच्या स्वस्त आवृत्त्या मिळू लागल्या. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात ही औषधं सरकारी उपचार केंद्रांवर मोफत देतात. फार उत्तम काम. पण औषध जितक्या जास्त लोकांपर्यंत पोचणार, तितक्या जास्त लोकांच्या जुन्या औषधांशी त्याची गाठ पडणार, हेही ओघानेच आलं.

दुसरी जोडी सर्वांच्या ओळखीची आहे. कोविडवरचं पॅक्सलोविड. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये पूर्ण मान्यता. २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या आवृत्त्यांनाही आपल्याकडे परवानगी मिळाली. यात दोन औषधं आहेत. विषाणूशी लढतं ते निर्माट्रेलव्हिर. दुसरं रिटोनाव्हिर, ते मूळचं १९९६ सालचं एचआयव्हीचं औषध, पण इथे त्याला लढाईत भाग घ्यायचाच नाही. यकृतात सीवायपी३ए४ नावाचं एक एन्झाइम असतं, आपण घेतो त्यातल्या बऱ्याच औषधांची विल्हेवाट तेच लावतं. रिटोनाव्हिर त्या एन्झाइमला अडवून धरतं, म्हणजे निर्माट्रेलव्हिर लवकर संपत नाही आणि रक्तात पुरेसं टिकतं. युक्ती झकास आहे. पण टोलनाक्यावरची सगळी गेटं बंद केली की फक्त आपली गाडी थांबत नाही, मागच्या सगळ्याच गाड्यांची रांग लागते.

आणि त्या रांगेत हृदयाची औषधं बरीच असतात. सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी त्यातलीच. तिचं प्रमाण रक्तात फार वाढलं तर स्नायू झिजून मूत्रपिंडं बिघडू शकतात. म्हणून ती पॅक्सलोविड सुरू करण्याच्या निदान १२ तास आधी बंद करायची, पाच दिवसांच्या कोर्समध्ये बंद ठेवायची आणि नंतर आणखी पाच दिवस बंद ठेवायची. अटोर्व्हास्टॅटिन थोडे दिवस थांबवण्याचा विचार करा, अशी सूचना आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या रिव्हरॉक्सॅबानचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. क्लोपिडोग्रेलचं तर उलटंच. ती गोळी शरीरात गेल्यावर एन्झाइमांनी तिच्यावर काम केल्यावरच चालू होते, त्यामुळे रिटोनाव्हिर असताना तिचा परिणाम कमी होतो. स्टेंट बसवलेल्या माणसाच्या बाबतीत परिणाम कमी होणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि अमिओडॅरोन याही यादीत आहेच, पॅक्सलोविडबरोबर ते चालतच नाही.

मग याद्या तर आहेत! लिव्हरपूल विद्यापीठाचा गट १९९९ पासून एचआयव्हीच्या औषधांची आणि पुढे हिपॅटायटिस व कोविडच्या औषधांची इतर औषधांशी असलेली भांडणं तपासून इंटरनेटवर फुकट उपलब्ध करून देतो आहे. सिग्नलसारखे लाल, पिवळे, हिरवे रंग. दोन औषधं निवडा, रंग बघा, झालं. मग अडतं कुठे?

अडतं ते दुसऱ्या यादीपाशी. भांडणांची यादी विद्यापीठाकडे आहे, पण या माणसाच्या पोटात काय काय आहे याची यादी कुणाकडेच नाही. तुलना करायला दोन याद्या लागतात. एक कितीही अद्ययावत ठेवली तरी दुसरी कोरी असेल तर उत्तर शून्यच येणार.

हे पूर्वीही घडलेलं आहे. जून १९९७ मध्ये रक्तदाब आणि छातीतल्या कळेसाठी मिबेफ्रॅडिल नावाच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. तेही याच एन्झाइमला अडवणारं. माहितीपत्रकात इशारे वाढवत नेले, धोक्याच्या औषधांची संख्या २५ च्या वर गेली. शेवटी जून १९९८ मध्ये, म्हणजे वर्षभरातच, कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. इतकी लांब यादी लक्षात ठेवून औषध द्यायचं हे प्रत्यक्षात जमणार नाही, हे तेव्हा सर्वांना कळून चुकलं. रक्तदाबाला दुसरी औषधं होती म्हणून ते परवडलं. रिटोनाव्हिर किंवा सोफोसबुव्हिरच्या बाबतीत असं "काढून टाका" म्हणता येत नाही, कारण त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. म्हणजे यादी सांभाळण्याला पर्याय नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती. आपल्या घरांत गोळ्यांना नावं नसतात, कामं असतात. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची, ती छोटी पांढरी. नाव सांगितलंच तर ते ब्रँडचं. आणि ब्रँडच्या नावापुढची शेपटी कोणी वाचत नाही. इकोस्प्रिनचंच बघा. नुसती इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. इकोस्प्रिन एव्ही म्हणजे ॲस्पिरिन अधिक अटोर्व्हास्टॅटिन. इकोस्प्रिन गोल्ड म्हणजे त्यात क्लोपिडोग्रेलसुद्धा. रुग्ण तिन्ही वेळा "इकोस्प्रिन घेतो" एवढंच सांगणार. वर सांगितलेल्या पॅक्सलोविडच्या हिशेबात मात्र यातली पहिली आणि तिसरी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि गंमत बघा, मेडिकलमध्ये जाऊन पक्कं बिल मागा. त्यावर गोळीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी, जीएसटी सगळं छापून येतं. म्हणजे संगणक आहे, डेटाबेस आहे, प्रत्येक स्ट्रिपची नोंद आहे. पण ती नोंद मालाच्या हिशेबासाठी ठेवलेली. कोणती स्ट्रिप कधी मुदतबाह्य होणार हे त्या सॉफ्टवेअरला ठाऊक असतं, पण समोर उभे असलेले काका गेली दोन वर्षं काय घेत होते आणि मार्चमध्ये त्यांनी काय घेणं थांबवलं, हे बहुतेक ठिकाणी कुणी त्याला विचारलेलंच नसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले गिऱ्हाईक मागेल ते बनवून देतो. दुकानदाराने स्टॉक मागितला, स्टॉक दिला. रुग्णाच्या बाजूने मागणी करणारं कोणी बैठकीत नव्हतं.

यावर "आता आभा आहे की" असं कोणीतरी म्हणेलच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. कल्पना चांगलीच आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. पण क्रमांक काढला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेली चिठ्ठी आपोआप त्यात जाऊन बसत नाही. टेबल तयार असणं आणि त्यात डेटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय "गोळी बंद केली" ही नोंद तर क्वचितच कोणी करतं. सुरू करताना चिठ्ठी लिहावी लागते. बंद करताना तोंडी सांगितलं तरी भागतं.

दुसरा आक्षेप असा की कॉम्प्युटरनेच धोक्याची सूचना द्यावी, प्रश्न मिटला. नाही मिटत. प्रत्येक बारीकसारीक जोडीला लाल खिडकी उघडायला लागली की माणूस न वाचताच "ओके" दाबायला शिकतो. आपण सगळे रोज तेच करतो. त्यामुळे सूचना थोड्या हव्यात, आणि "धोका आहे" एवढ्यावर न थांबता "आता काय करा" हे सांगणाऱ्या हव्यात. गोळी बारा तास आधी थांबवा, अशी. जिच्यावर काही करता येतं तीच सूचना माणूस वाचतो.

अमेरिकेने जुलै २०२२ मध्ये औषधदुकानातल्या फार्मासिस्टना पॅक्सलोविड लिहून देण्याची मुभा दिली, तेव्हा अट काय घातली माहीत आहे? रुग्णाने वर्षभराच्या आतले रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणायची. माहिती अपुरी असेल तर फार्मासिस्टने स्वतः औषध न देता डॉक्टरांकडे पाठवायचं. मला ही अट फार आवडली. यादी नसेल तर निर्णय नाही. फक्त त्यात "आणि नुकती थांबवलेली" हे शब्द मी घातले असते.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो. हे वाचून कोणीही घरच्या घरी गोळी बंद करू नका! स्टेंट बसलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने क्लोपिडोग्रेल सोडणं हे जीवावर बेतू शकतं. आणि उलट, भांडणाच्या भीतीने हिपॅटायटिस सीचा उपचारच टाळणं हेही तितकंच चुकीचं. यातल्या बऱ्याच जोड्यांवर तोडगा आहे. गोळी काही दिवस थांबवणं, बदलणं, डोस कमी करणं किंवा नुसतं लक्ष ठेवणं. पण तो तोडगा डॉक्टरांना सुचायला आधी जोडी दिसली तर पाहिजे.

तर माझं म्हणणं असं. सरकारी यंत्रणा आणि दुकानांची सॉफ्टवेअर सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर यादी घरात हवी, आणि ती दोन भागांत हवी. पहिल्या भागात चालू गोळ्या. स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून. एका गोळीत तीन औषधं असतील तर तीन ओळी. दुसऱ्या भागात गेल्या वर्षभरात बंद केलेल्या गोळ्या. नाव, बंद केल्याची तारीख, कुणी बंद केली. आयुर्वेदिक काढे, दुखण्याच्या गोळ्या, शेजाऱ्यांनी सांगितलेलं चूर्ण, सगळं त्यातच. हाताने लिहा, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. कुठल्याही डॉक्टरांनी "सध्या काय चालू आहे?" विचारलं की दोन्ही भाग दाखवा.

याला ॲप लागत नाही. वहीचं एक पान आणि अर्धा तास लागतो. आजचा रविवार अजून शिल्लक आहे, आई-बाबांचा गोळ्यांचा डबा काढून बसा.